व्हिक्टोरिया राणी वाईट आई होती का?

तुमचा प्रश्न असा आहे: व्हिक्टोरिया राणीला नऊ मुलं होती, तरी तान्ही मुलं तिला किळसवाणी वाटायची आणि थोरल्या मुलाला तर ती बापाच्या मृत्यूला जबाबदार धरायची, असं तुमच्या वाचनात आलं. मग हीच बाई मुलांना आयुष्यभर पत्रं कशी लिहीत राहिली? तिला मुलांची माया होती की नव्हती?

मी कॉलेजात तीस वर्षं आधुनिक युरोपचा इतिहास शिकवला. हा प्रश्न जवळजवळ दर वर्षी यायचा आणि माझं उत्तर काळाबरोबर बदलत गेलं. आता मी असं सांगते की माया होती, कधीकधी तर समोरच्याचा जीव गुदमरेल इतकी होती. बिघडलं ते कामाच्या वाटणीत. ज्या लेकींना मोकळं सोडायला हवं होतं त्यांना तिने आपल्या टेबलाशी बांधून ठेवलं, आणि ज्या मुलाला कारभार शिकवायला हवा होता त्याला पन्नाशी उलटेपर्यंत कारभाराच्या कागदांपासून लांब ठेवलं. तिच्या मुलांची दुःखं मला तरी बहुतेक इथेच सुरू होताना दिसतात.

आधी त्या किळसवाण्या वाटणाऱ्या तान्ह्या मुलांचं बघू, कारण ते वाक्य संदर्भ तोडून फार फिरवलं जातं. फेब्रुवारी १८४० मध्ये तिचं लग्न झालं. त्याच नोव्हेंबरात थोरली मुलगी व्हिकी झाली आणि पुढच्या नोव्हेंबरात मुलगा बर्टी, म्हणजे पुढचा सातवा एडवर्ड. १८५७ च्या एप्रिलमध्ये शेंडेफळ बिअट्रिस जन्मली. सतरा वर्षांच्या आत नऊ बाळंतपणं झाली, आणि ही बाई त्याच वेळी राज्य करत होती. दिवस गेलेले असताना मंत्र्यांना भेटायचं, खलिते वाचायचे, सह्या करायच्या. बाळंतपणाच्या काळात तिच्या सरकारी कागदांच्या पेट्या नवरा अल्बर्ट सांभाळायचा, आणि तो कारभारात जितका मुरत गेला तितकी ती मागे पडत गेली. हे तिला कळत होतं.

१८५८ च्या जूनमध्ये तिने व्हिकीला लिहिलं की एका अमर आत्म्याला जन्म देण्याचा अभिमान वगैरे छान आहे, पण त्या वेळी मला तरी आपण गाईसारख्या किंवा कुत्रीसारख्या झालो आहोत असंच वाटतं. हे पत्र कुणाला आहे ते पाहा. व्हिकी सतरा वर्षांची होती, नुकतीच लग्न होऊन जर्मनीतल्या प्रशियात गेली होती आणि तिला पहिलेच दिवस गेले होते. बाळंतपणाबद्दल ज्या काळात बायका एकमेकींशीसुद्धा आडून बोलत, त्या काळात एक आई लेकीला स्वतःचा अनुभव न सजवता सांगत होती. तान्हं मूल बेडकासारखे हातपाय हलवतं, हेही तिचंच निरीक्षण. मला त्यात मुलांचा द्वेष दिसत नाही. वर्षानुवर्षं आपलं शरीर आपलं न राहिल्याचा वैताग दिसतो. १८५३ मध्ये लिओपोल्डच्या वेळी डॉ. जॉन स्नो यांनी तिला क्लोरोफॉर्म दिलं. (लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरच्या पंपातून कॉलरा पसरतो हे पुढच्याच वर्षी दाखवणारे ते हेच डॉक्टर.) धर्माच्या नावाने कुरकुर झाली, पण राणीने वेदनांपासून सुटका करून घेतली आणि बिअट्रिसच्या वेळीही तेच केलं.

अंगावर पाजण्याचा मात्र तिला खराच तिटकारा होता. तिच्या सगळ्या मुलांना दाई होती. पुढे अॅलिस या मुलीने आपल्या बाळाला स्वतः पाजायला घेतलं, तेव्हा राणीच्या स्कॉटलंडमधल्या बालमोरलच्या गोठ्यातल्या एका गाईचं नाव 'प्रिन्सेस अॅलिस' ठेवलं गेलं. इथे मी राणीची बाजू घेणार नाही. ते लेकीच्या जिव्हारी लागणारं होतं.

तिच्या स्वतःच्या बालपणाबद्दल थोडक्यात सांगते. ती आठ महिन्यांची असताना वडील गेले. आई, डचेस ऑफ केंट, आणि आईचा कारभारी जॉन कॉनरॉय यांनी तिला केन्सिंग्टनच्या राजवाड्यात असं वाढवलं की जिनासुद्धा कुणाचा तरी हात धरूनच उतरायचा. वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत ती आईच्या खोलीत झोपायची. २० जून १८३७ रोजी ती राणी झाली आणि त्याच दिवशी तिने आपला पलंग आईच्या खोलीतून हलवला. आई-मुलीच्या नात्याचा तिने घरात पाहिलेला नमुना हाच, म्हणजे पहारा आणि पहाऱ्यातून सुटका. पुढे दोघींचं जमलं. १८६१ च्या मार्चमध्ये आई गेल्यावर तिचे जुने कागद चाळताना आईने आपल्या बालपणाच्या बारीकसारीक आठवणी जपून ठेवल्याचं व्हिक्टोरियाला दिसलं आणि ती कोसळली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात अल्बर्ट गेला. हे दोन मृत्यू एकापाठोपाठ ठेवून पाहिले तरच पुढचं समजतं.

मुलांच्या खोल्यांवर खरं राज्य होतं अल्बर्टचं, आणि ते त्याने भांडून मिळवलं होतं. १८४२ च्या जानेवारीत लहानगी व्हिकी आजारी होती, वजन घटत होतं. खोल्यांचा ताबा राणीच्या जुन्या शिक्षिकेकडे, बॅरोनेस लेह्त्सेनकडे होता. नवरा-बायकोत कडाक्याचं भांडण झालं. डॉक्टरने कॅलोमेल (पाऱ्याचं औषध) देऊन पोरीला विष घातलं, तू तिला उपाशी ठेवलंस, ती गेली तर पाप तुझ्या माथी, अशा अर्थाची चिठ्ठी अल्बर्टने बायकोला लिहिली. त्याच वर्षी लेह्त्सेन जर्मनीला परत गेली. पुढे ऑस्बोर्नला, आइल ऑफ वाइट बेटावरच्या त्यांच्या घरी, अल्बर्टने मुलांसाठी स्विस कॉटेज बांधून घेतलं. प्रत्येक मुलाला भाजीचा वाफा, स्वतःची अवजारं आणि आद्याक्षरं घातलेली छोटी हातगाडी. पिकवलेली भाजी अल्बर्ट बाजारभावाने विकत घ्यायचा. या घराण्यातलं मला सगळ्यात आवडणारं चित्र हेच आहे. मुलांच्या हाताला काम होतं आणि त्या कामाला मोल होतं.

१८५६ मध्ये अल्बर्टने राणीला एका पत्रात लिहिलं की मुलांच्या सहवासात तुला सुख वाटत नाही ही खेदाची गोष्ट आहे, आणि याचं मूळ असं की सतत चुका काढणं, रागावणं, हुकूम सोडणं हेच आईचं काम आहे असा तुझा समज झाला आहे. दुखण्याचं इतकं नेमकं निदान घरातूनच झालं होतं. फक्त ते करणाऱ्याने स्वतः बर्टीच्या बाबतीत काय केलं, तेही सांगायला हवं.

बर्टीला आदर्श राजा घडवायचा, असा अल्बर्ट आणि त्याचे सल्लागार बॅरन स्टॉकमार यांचा निर्धार होता. आठवड्याचे सहा दिवस, रोज सहा-सात तास अभ्यास, वर घोडेस्वारी आणि कवायत. बरोबरीची मुलं जवळजवळ नाहीतच. पहिले शिक्षक हेन्री बर्च मुलाला समजून घेणारे होते, ते गेल्यावर पोरगा फार रडला. नंतर आलेले फ्रेडरिक गिब्ज कडक होते. कवटीवरचे उंचवटे बघून स्वभाव सांगणाऱ्या जॉर्ज कोम्बला बोलावून त्याच्या डोक्याची तपासणीसुद्धा करवली. बहीण व्हिकी हुशार, चार भाषांत वावरणारी, आणि हा अडखळणारा, चिडून वस्तू फेकणारा. आज कुणी पालक असं मूल घेऊन आले तर समुपदेशक पहिल्यांदा वेळापत्रक मागेल. राणीने मुलात स्वतःचे दोष पाहिले. तो माझीच नक्कल आहे, असं तिने व्हिकीला लिहिलंही. स्वतःचे दोष तिला कधीच माफ करता आले नाहीत, मग त्याचे कुठून येणार?

१८६१ च्या उन्हाळ्यात एकोणीस वर्षांच्या बर्टीला लष्करी शिक्षणासाठी आयर्लंडच्या करा छावणीत पाठवलं. तिथे सोबतच्या अधिकाऱ्यांनी नेली क्लिफ्डन नावाच्या नटीला त्याच्या राहुटीत आणलं. नोव्हेंबरात ही बातमी अल्बर्टपर्यंत पोचली. प्रकृती आधीच ढासळलेली असताना तो केंब्रिजला गेला, मुलाशी बोलला, पावसात त्याच्याबरोबर चालला. परतल्यावर अंथरूण धरलं. १४ डिसेंबर १८६१ रोजी विंडसरला तो वारला, वय बेचाळीस. डॉक्टरांनी कारण दिलं विषमज्वराचं. बापाची अवस्था बर्टीला कुणी कळवली नव्हती. शेवटी आईला न विचारता अॅलिसने तार केली, म्हणून तो पोचला तरी.

विषमज्वर पावसात चालल्याने किंवा मुलाच्या वागण्याने होत नाही. पण राणीच्या मनात गाठ बसली. त्याच्याकडे पाहिलं की अंगावर शहारा येतो, असं तिने व्हिकीला लिहिलं. हे वाक्य सगळे उद्धृत करतात. मला त्याहून जास्त बोलतात ती पुढची तीस वर्षं. बापाची जागा रिकामी होती. कारभारात हात देणारा माणूस राणीला हवा होता. वीस वर्षांचा वारस घरात होता. आणि तिने त्याला दूर ठेवलं. तो उथळ आहे, त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही, अशी कारणं दिली. समारंभ त्याने करायचे, पायाभरण्या त्याने करायच्या, पण कागद बघायचे नाहीत. मंत्रिमंडळाचे कागद त्याला नियमित मिळू लागले तेव्हा तो पन्नाशीला पोचला होता. त्याच्याहून अकरा-बारा वर्षांनी लहान लिओपोल्ड मात्र आईचा अनौपचारिक चिटणीस म्हणून सरकारी पेट्या उघडत होता. बर्टीच्या जुगाराबद्दल, बायकांबद्दल, मेजवान्यांबद्दल लोक चवीने बोलतात. रिकाम्या हातांचं आणखी काय होणार होतं?

त्याच्या भारतभेटीचंच बघा. १८७५ च्या नोव्हेंबरात तो मुंबईत उतरला. इथले इंग्रज अधिकारी भारतीयांशी ज्या उर्मटपणे वागत ते पाहून तो अस्वस्थ झाला आणि त्याने तसं स्पष्ट घरी कळवलं: माणसाचा रंग काळा आणि धर्म वेगळा म्हणून त्याला जनावरासारखं वागवायचं काही कारण नाही. म्हणजे डोळे उघडे ठेवून पाहायची कुवत होती. तो इथे असतानाच आई 'भारताची सम्राज्ञी' हा किताब घेणार असल्याची घोषणा झाली, आणि ती युवराजाला कळली वर्तमानपत्रातून! त्याने पंतप्रधान डिझरायलीकडे तक्रार केली. ज्या देशात तो आईचा प्रतिनिधी म्हणून हिंडत होता, त्याच देशाबद्दलचा निर्णय, आणि त्याला दोन ओळींचं पत्रही नाही.

या दौऱ्याची आठवण म्हणून अल्बर्ट ससून यांनी मुंबईला त्याचा घोड्यावरचा पुतळा दिला. तोच आपला काळा घोडा. १९६५ मध्ये तो तिथून हलवून भायखळ्याला नेला, म्हणजे आज मुलगा आईच्या नावाच्या बागेत, राणीच्या बागेत, आहे. पुतळा घडवणारे जोसेफ एडगर बोम हे राणीची चौथी मुलगी लुईझ हिचे शिल्पकलेतले गुरू. शिकवताना मी मुंबईच्या मुलांना तिथे जाऊन यायला सांगायचे.

आई-मुलामधली गाठ सैल झाल्याचा एक प्रसंग आहे. १८७१ च्या शेवटी बर्टीला विषमज्वरच झाला. राणी त्याच्या सँड्रिंगहॅमच्या घरी धावली, त्याच्या खोलीत पडद्याआड बसून राहिली. शुश्रूषेला अॅलिस होतीच. १४ डिसेंबर हा बापाचा दहावा स्मृतिदिन जवळ येत होता आणि सगळ्यांनी आशा सोडली होती. नेमका त्याच दिवशी उतार पडला. त्यानंतर तिच्या पत्रांतला त्याच्याबद्दलचा सूर मऊ होतो. कारभार मात्र तिने तरीही दिला नाही.

आता लेकी. अॅलिसने अठराव्या वर्षी मरणाऱ्या बापाची सेवा केली आणि नंतरचे काही महिने आईचीही. १८६२ च्या जुलैत ऑस्बोर्नच्या जेवणघरात तिचं लग्न लागलं. लग्नापेक्षा ते अंत्यविधीसारखंच वाटलं, असं राणीनेच लिहून ठेवलं आहे. तिच्यामागे हेलेनाचा नंबर लागला. तिचं स्थळ ठरवताना अटच होती की जावयाने इंग्लंडात राहायचं. मग लुईझ. तिने आईकडून दोन गोष्टी मिळवल्या ज्या इतरांना जमल्या नाहीत: शिल्पकलेचं रीतसर शिक्षण, आणि राजघराण्याबाहेरचा नवरा. आईचा संगमरवरी पुतळा तिने घडवला, तो १८९३ मध्ये केन्सिंग्टन राजवाड्यासमोर बसला. त्यात राणी राज्याभिषेकाच्या पोशाखातली तरुणी आहे. लेकीने आईचं जे वय निवडलं त्या वयात तिला एकही मूल नव्हतं. मला ते फार हलवून जातं.

सगळ्यात कठीण वाटा बिअट्रिसच्या पदरी आला. वडील गेले तेव्हा ती चार वर्षांची होती. घरात तिला बरीच वर्षं 'बेबी' म्हणत, आणि तिच्यासमोर लग्नाचा विषयही निघू नये अशी काळजी राणी घ्यायची. १८८४ मध्ये ती हेन्री ऑफ बॅटनबर्गच्या प्रेमात पडली. आई-मुलगी एकाच घरात, एकाच टेबलाशी. पण महिनोन्महिने राणी तिच्याशी बोलली नाही. काही सांगायचं तर चिठ्ठी सरकवायची! सत्तेचा अबोला हा साध्या अबोल्यापेक्षा वेगळा असतो, कारण त्या घरातला नोकर-चाकर, पाहुणा-रावळा प्रत्येक जण राणीच्या चेहऱ्याकडे बघून वागतो. शेवटी परवानगी मिळाली, पण हेन्रीने घरजावई व्हावं या अटीवर. गंमत अशी की जावई आल्यावर घर हसतं झालं आणि राणी त्याच्यावर खूष होती. तो मात्र कंटाळत गेला, आग्रहाने पश्चिम आफ्रिकेतल्या अशांटीच्या मोहिमेवर गेला आणि १८९६ च्या जानेवारीत मलेरियाने वाटेतच वारला. बिअट्रिस पुन्हा आईच्या टेबलाशी आली.

लिओपोल्डला रक्त न गोठण्याचा आजार होता. त्याला जपणं आणि कोंडणं यातली सीमा राणीला सापडली नाही, आणि त्या काळच्या कुठल्या आईला सापडली असती असं मी म्हणू शकत नाही. तो भांडून ऑक्सफर्डला गेला, एकदा तर बालमोरलला यायलाच नकार दिला, लग्न करून बापही झाला. १८८४ मध्ये फ्रान्समधल्या कान या गावी पडल्याचं निमित्त होऊन तो तिसाव्या वर्षी गेला. आल्फ्रेडला बापाने चौदाव्या वर्षी नौदलात घातलं. तो समुद्रावरच वाढला. आज महाराष्ट्र पोलिसांचं मुख्यालय असलेल्या मुंबईतल्या खलाशीगृहाची पायाभरणी १८७० मध्ये त्याने केली.

आर्थर हा मुलांमधला लाडका. त्याच्याबद्दल सांगायचं ते महाराष्ट्राच्या बाजूने सांगते. ड्यूक ऑफ कॅनॉट म्हणून तो १८८६ पासून १८९० पर्यंत मुंबई फौजेचा सरसेनापती होता. १८८८ मध्ये हरी रावजी चिपळूणकरांनी पुण्यात त्याच्या सन्मानार्थ समारंभ केला. महात्मा फुले तिथे मुद्दाम शेतकऱ्याच्या वेशात गेले आणि भाषणात म्हणाले की इथल्या दागिन्यांनी मढलेल्या मंडळींवरून राणीच्या प्रजेची पारख करू नका, खरी प्रजा खेड्यापाड्यांत उपाशी आणि अडाणी आहे. राणीपर्यंत गाऱ्हाणं न्यायचं तर तिच्या लाडक्या लेकाइतकी जवळची वाट कोणती होती? फुल्यांनी ती ओळखली होती.

मग राणीचं कुणाशी खरोखर जमलं? माझ्या मते व्हिकीशी. ती दूर होती म्हणून. १८५८ पासून राणीच्या मृत्यूपर्यंत दोघींमध्ये हजारो पत्रं गेली-आली. त्यात सुरुवातीला सासुरवाशिणीला माहेरहून येतात तशा सूचनाच सूचना आहेत: थंडीत खिडकी उघडी ठेव, इतकी बाळंतपणं नकोत, असं लिही, तसं लिही नको. स्टॉकमारनेच एकदा मध्ये पडून राणीला आवर घालायला लावला. हळूहळू सूर बदलतो. बिस्मार्कच्या बर्लिनमध्ये लेक एकटी पडत जाते आणि आई तिची एकमेव विश्वासू होते. १८८८ मध्ये व्हिकीचा नवरा जर्मनीचा सम्राट झाला आणि घशाच्या कर्करोगाने नव्व्याण्णव दिवसांत गेला. नंतर मुलगा विल्हेल्म आईशी तुटकपणे वागू लागला, तेव्हा ही म्हातारी नातवावर संतापून उठते. समान दुःख भोगलेल्या दोन विधवा एकमेकींशी बोलतात तशी ती पत्रं आहेत. व्हिकीला मुलगी म्हणून जे मिळालं ते घरातल्या कुणालाच मिळालं नाही: आईने तिला आपल्या बरोबरीची मानलं.

वाचताना एक खबरदारी घ्या. राणीची रोजनिशी तेराव्या वर्षापासून मृत्यूपर्यंतची होती, पण तिच्या मोठ्या भागाची मूळ प्रत आज नाही. आईच्या सांगण्यानुसार बिअट्रिसने ती १११ वह्यांमध्ये हाताने उतरवून काढली, खटकणारं गाळलं, आणि मूळ वह्या जाळत गेली. या कामात तिची तीसहून जास्त वर्षं गेली. म्हणजे राणीची आई म्हणून जी प्रतिमा रोजनिशीत दिसते ती लेकीने गाळून आपल्या हाती दिलेली आहे. पत्रांना तो हात तसा लागला नाही. म्हणून दोन्हींत विसंगती दिसली तर मी पत्राकडे झुकते.

२२ जानेवारी १९०१ रोजी ऑस्बोर्नला राणी गेली. अॅलिस घटसर्पाने १८७८ मध्ये, तीही १४ डिसेंबरलाच, गेली होती. लिओपोल्ड आणि आल्फ्रेडही नव्हते. व्हिकी कर्करोगाने जर्मनीत अंथरुणाला खिळली होती आणि त्याच ऑगस्टमध्ये वारली. राणीचा शेवटचा शब्द 'बर्टी' होता, असं सांगतात.

बर्टी एकोणसाठाव्या वर्षी राजा झाला. आईची इच्छा होती की त्याने 'अल्बर्ट एडवर्ड' म्हणून राज्य करावं; त्याने अल्बर्ट हे नाव वडिलांसाठी राखून फक्त एडवर्ड घेतलं. ऑस्बोर्न घराण्यात ठेवण्याची तिची इच्छा बाजूला सारून ते घर देशाला देऊन टाकलं. आणि विंडसरला त्याने आपल्या टेबलाशेजारी दुसरं टेबल लावून घेतलं, मुलगा जॉर्ज याच्यासाठी. सरकारी कागद आले की दोघं शेजारी बसून वाचायचे.